चढावर जीप किती सेकंदांनी बंद पडते?

ठोसेघरच्या वाटेवरील एका गावात माझ्या बहिणीच्या सासरचे शेत आहे. डांबरी रस्ता सोडून त्या शेताकडे वळणारी पाणंद शेवटच्या दोनशे फुटांत अशी काही उभी होते की भरलेली बैलगाडी तिथून कोणी नेत नाही. आमची जुनी पेट्रोल जीप फोर व्हील आणि लो गिअर टाकल्यावर त्या चढाला निर्धास्तपणे लागत असे आणि निम्म्यात, जांभळाच्या एका झाडापाशी, काळा धूर सोडून आचके देत बंद पडत असे. या दुखण्यावर मी दोन वर्षांत तीन ठिकाणी उपचार करून घेतले. एका ठिकाणी मिक्श्चरचा स्क्रू फिरवला गेला, दुसऱ्या ठिकाणी जेट, म्हणजे पेट्रोलचे माप ठरवणारी बारीक छिद्रे, बदलले गेले, तिसऱ्या ठिकाणी पेट्रोलचा पंपच नवा बसवला गेला. खर्च होत राहिला आणि जीप त्याच झाडापाशी थांबत राहिली.

उलगडा झाला तो माझ्या शाळकरी भाच्यामुळे. मागे बसून त्याने खेळ म्हणून मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली होती. पुढची चाके उभ्या चढाला लागली की ‘एक’, आणि इंजिन बंद पडले की मोजणे थांबणार. प्रत्येक वेळी तो चार किंवा पाचवर थांबत असे. पुढे एकदा टाकीत पेट्रोल बरेच कमी असताना आम्ही पाटणच्या बाजूच्या एका डोंगरवाटेने चढत होतो, तेव्हा ‘मामा, तेवीस!’ असे तो ओरडला आणि त्या वेळी धुराचा मागमूसही नव्हता. दोन्ही प्रसंगी ‘गाडी चढावर बंद पडते’ एवढेच मी मेस्त्रींना सांगितले असते. प्रत्यक्षात ते दोन वेगळे आजार होते. एकात इंजिनाला पेट्रोल जास्त मिळत होते आणि दुसऱ्यात मिळतच नव्हते. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर आजार बळावतो, आणि माझ्या जीपच्या बाबतीत दोन वर्षे नेमके तेच घडत होते.

पुढील विवेचन कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल गाड्यांना लागू आहे, हे आधीच सांगितलेले बरे. आपल्याकडे वडाप करणाऱ्या, म्हणजे गावोगाव प्रवासी भरून नेणाऱ्या बहुतेक जीपगाड्या डिझेलच्या. डिझेल इंजिनात कार्ब्युरेटर नसतोच, तिथे पंप आणि इंजेक्टर यांचे राज्य असते. परंतु हौसेने जपलेल्या जुन्या पेट्रोल जीप आणि १९८५ साली बाजारात आलेल्या मारुती जिप्सीच्या सुरुवातीच्या कित्येक वर्षांच्या गाड्या आजही सातारा-सांगलीच्या डोंगरांत फिरताना दिसतात, आणि त्यांच्या मालकांची ही तक्रार ठरलेली असते.

ताट कलले की आमटी भाताकडे जाते

कार्ब्युरेटरचे काम थोडक्यात असे. इंजिन हवा ओढते आणि ती हवा कार्ब्युरेटरच्या घशातून आत जाते. घसा मध्येच अरुंद केलेला असतो. तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या एका छोट्या वाटीतले पेट्रोल बारीक नळीच्या तोंडातून, म्हणजे नॉझलमधून, हवेत ओढले जाते आणि त्याचा फवारा होतो. डासांवर औषध फवारण्याचा जुना फ्लिटचा पंप ज्यांनी वापरला आहे, त्यांनी हेच तत्त्व हाताळले आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ किलो हवा लागते; जोर लावून चढताना इंजिनाला त्याहून थोडे जास्त पेट्रोल, म्हणजे साधारण साडेबारा किलो हवेला एक किलो, असे मिश्रण मानवते. या प्रमाणापासून फार दूर गेले की ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही.

चढाच्या दृष्टीने कार्ब्युरेटरचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ती वाटी. तिच्यात एक तरंगणारा फ्लोट असतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतील बॉलकॉक जसा पाणी वर आले की नळ बंद करतो, तसाच हा फ्लोट पेट्रोल ठरावीक पातळीला आले की एक टोकदार नीडल वर ढकलून पंपाकडून येणारी वाट बंद करतो. ही पातळी नॉझलच्या तोंडापेक्षा अवघे काही मिलिमीटर खाली ठेवलेली असते. ती जरा वर असेल तर पेट्रोल आपोआप पाझरू लागते. फार खाली असेल तर हवेला ते ओढून घेणे जड जाते. कार्ब्युरेटरचे सारे गणित या काही मिलिमीटरांवर बेतलेले असते आणि ते गणित गाडी सपाटीवर उभी आहे असे समजून मांडलेले असते.

आता गाडी चढाला लागली असे समजू. जेवताना ताट कलले की आमटी भाताकडे धावते, तसेच वाटीतले पेट्रोलही करते. वाटी गाडीबरोबर कलते, पेट्रोलचा पृष्ठभाग मात्र आडवाच राहतो. त्यामुळे वाटीच्या एका बाजूला पातळी चढते आणि दुसऱ्या बाजूला उतरते. किती, हे काढणे कठीण नाही. वाटीचा मध्य आणि नॉझल यांच्यात ४० मिलिमीटर अंतर आहे असे धरू. घाटरस्ते आखताना शंभर मीटरला साधारण पाच-सहा मीटर चढ धरण्याची पद्धत आहे. म्हणजे वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटासारख्या रस्त्यावर नॉझलपाशी पातळीत दोन ते अडीच मिलिमीटरच फरक पडतो आणि कार्ब्युरेटर तेवढे सहज सोसतो. आमच्या पाणंदीसारखा २५ अंशांचा चढ आला की हाच फरक सुमारे १९ मिलिमीटरवर जातो. काही मिलिमीटरांवर बेतलेल्या यंत्राला हा महापूर म्हणायचा किंवा दुष्काळ. दोहोंपैकी काय, हे वाटी कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि ती न कळल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. पक्क्या घाटरस्त्यावर जीप बंद पडत असेल, तर दोष बहुधा कलण्याचा नसतो. तो पेट्रोल पोहोचण्याचा किंवा उष्णतेचा असतो. कलण्याचा दोष पाणंदीवर, ओढ्याच्या काठावर, डोंगरवाटेच्या उभ्या टप्प्यावर दिसतो, आणि तो लगेच दिसतो.

चार सेकंद

चढाला लागताच दोन-पाच सेकंदांत इंजिन घुसमटत असेल, मागून काळा धूर येत असेल आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास नाकात भरत असेल, तर पेट्रोल जास्त होत आहे. अशा गाडीत बहुधा वाटी पुढे, रेडिएटरच्या बाजूला असते आणि घसा तिच्या मागे. नाक वर झाले की वाटी घशापेक्षा उंच होते आणि पेट्रोल नॉझलमधून थेट ओघळू लागते. यातही एक खुबी आहे. पाय ॲक्सिलरेटरवर असेपर्यंत हे जादा पेट्रोल इंजिन कसेबसे पचवते; एखाद्या दगडापाशी चालक पाय उचलतो, आत जाणारी हवा कमी होते, ओघळणे मात्र तसेच चालू राहते आणि त्या क्षणी इंजिन बंद पडते. म्हणूनच ‘जोर होता, पाय काढला आणि गेली’ असे चालक सांगतात.

वाटी मागच्या बाजूला असेल तर नेमके उलटे घडते. चढताना नॉझलपाशी पेट्रोल खाली जाते, कार्ब्युरेटरच्या तोंडातून फट्‌फट् असे शिंकल्यासारखे आवाज येतात आणि धूर न होता इंजिन दम सोडते. हीच गाडी उतरताना पेट्रोल ओकते. त्यामुळे सेकंदांबरोबर धूरही पाहावा लागतो. वाटी ओळखणे सोपे आहे: पंपाकडून आलेली पेट्रोलची नळी ज्या डब्यासारख्या भागाला जोडलेली असते, ती वाटी.

खात्री करण्यासाठी मी शेताच्या बांधावर जीप नाक वर करून उभी केली, चारही चाकांमागे दगड लावले, इंजिन बंद केले, ते थंड होऊ दिले आणि एअर क्लीनर काढून बॅटरीच्या उजेडात घशात पाहिले. नॉझलच्या पितळी तोंडाशी पेट्रोलचा एक थेंब जमत होता, फुगत होता आणि ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या खालच्या झडपेवर पडत होता; एक पडला की दुसरा. इंजिन बंद, हवा स्थिर, ओढणारे कोणी नाही, तरी थेंब थांबत नव्हते. तीन ठिकाणच्या उपचारांनी जे समजले नव्हते ते त्या एका मिनिटात समजले. ही तपासणी करताना आसपास विडी-सिगारेट किंवा ठिणगी नसावी, इंजिन गरम नसावे आणि विझवण्याचे साधन हाताशी असावे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगीही ती धरते.

उपाय करताना पहिला हात नीडलला आणि फ्लोटला लावावा. नीडलच्या टोकावर घासून गोल चर पडली असेल, तर ती सपाटीवर कशीबशी बंद होते आणि हादऱ्यांत गळते. नीडल आणि तिची बैठक जोडीनेच बदलावी. दगडगोट्यांच्या वाटेवर नीडल उडू नये म्हणून आत बारीक स्प्रिंग असलेली किंवा टोकाला रबर असलेली नीडल मिळत असेल तर ती घ्यावी. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहावा. सूक्ष्म छिद्र असेल तर बुडबुडे येतात. असा फ्लोट आतून पेट्रोल पिऊन जड होतो आणि नीडल वेळेवर बंद करत नाही. त्याला डाग देण्याचा मोह टाळावा, कारण आतले पेट्रोल पूर्ण निघालेले नसेल तर तापवताना तो फुटतो. नवा फ्लोट फार महाग नसतो.

मग येते पातळी. फ्लोटच्या दांडीवरची पट्टी अगदी किंचित वाकवून वाटीतली पातळी एक ते दीड मिलिमीटर खाली आणता येते. हे काम डोळ्यांच्या अंदाजाने न करता मोजून करावे, आणि पट्टी वाकवताना नीडलवर जोर येऊ देऊ नये. सपाटीवर आणि चढावर दोन्हीकडे गाडी चालवायची असेल, तर दोन मिलिमीटरांच्या पलीकडे जाऊ नये असे माझे मत आहे.

एका भागाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही: वाटीचा श्वास. वाटीत पेट्रोल येते-जाते तेव्हा हवेलाही वाट लागते, म्हणून वाटीच्या झाकणावर एक उघडी नळी असते, आणि बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये तिचे तोंड घशाच्या वरच्या भागात निघते. कडक चढावर किंवा जोराच्या हिसक्याने पेट्रोल या नळीतूनच सांडते आणि घशात पडते; फ्लोटची पातळी कितीही नीट केली तरी ही वाट बंद होत नाही. ती बुजवणे हा उपाय नव्हे, कारण श्वास कोंडला की वाटीतून पेट्रोल ओढलेच जाणार नाही. नळीला पेट्रोल सोसणाऱ्या रबराचा किंवा तांब्याचा तुकडा जोडून तिचे तोंड एक-दीड इंच वर आणि पेट्रोल जिकडे धावते त्याच्या विरुद्ध बाजूला न्यावे. तोंड एअर क्लीनरच्या आतच राहावे, म्हणजे धूळ जाणार नाही आणि दाबाचा समतोल बिघडणार नाही. माझ्या जीपला सर्वांत मोठा गुण याच उपायाने आला आणि त्याला लागलेले साहित्य खिशात मावण्याइतके होते.

पंपाचा दाबही पाहावा. जुन्या जीपच्या इंजिनावरचा यांत्रिक पंप साधारण तीन-चार पौंडांचा दाब देतो आणि फ्लोट तेवढाच रोखू शकतो. त्याजागी बेताल दाबाचा विजेवरचा पंप लावला की नीडल हरते. आमच्या जीपला तिसऱ्या ठिकाणी जो नवा पंप बसवला गेला, त्याने दुखणे वाढवले होते, हे मला दाब मोजल्यावर कळले. दाब जास्त असेल तर वाटेत रेग्युलेटर बसवावा. हे सगळे करूनही गुण न आल्यास कार्ब्युरेटर खालच्या पट्टीसह अर्धा वळवून वाटीची बाजू बदलता येते, परंतु त्यात ॲक्सिलरेटरच्या सळ्या आणि एअर क्लीनर सारेच बदलावे लागते आणि उतरणीवरचे दुखणे नव्याने सुरू होते. मी त्या वाटेला गेलो नाही.

मिक्श्चरच्या स्क्रूबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण प्रत्येकाचा हात आधी तिथेच जातो. बाहेरून दिसणारा तो स्क्रू मुख्यतः गाडी उभी असताना, स्लो चालण्यापुरते मिश्रण ठरवतो; चढावर ओघळणारे पेट्रोल त्याच्या वाटेने येतच नाही. तो फिरवून चढाचा दोष जाण्याची शक्यता, घराच्या दाराचे कुलूप बदलून छताची गळती थांबण्याइतकीच आहे.

अशा प्रकारे पेट्रोल साचून इंजिन चढावर बंद पडले, तर ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबू नये. प्रत्येक दाबण्यासरशी कार्ब्युरेटरमधला छोटा पंप आणखी पेट्रोल घशात मारतो. ब्रेक घट्ट धरून, शक्य झाल्यास चाकामागे दगड लावून, पेडल तळापर्यंत एकदाच दाबून धरावे आणि सेल मारावा. झडप पूर्ण उघडी राहिल्याने हवा भरपूर जाते आणि साचलेले पेट्रोल उडून जाते. गिअर न्यूट्रलमध्ये काढून मागे घरंगळणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. ज्या गाडीला ब्रेकचा बूस्टर असतो तिचा ब्रेक इंजिन बंद पडल्यावर थोड्याच दाबांत जड होतो, त्यामुळे मागे यायचेच असेल तर इंजिन सुरू करून, लो रेंजच्या रिव्हर्समध्ये, सरळ रेषेत यावे.

वीस सेकंद

भाच्याचे तेविसावे मोजणे आठवा. वाटीत साधारण लहान कपभर, म्हणजे ६० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल मावते. लो गिअरमध्ये जोर लावून चढणारी जीप ताशी दहा लिटरच्या हिशेबाने पेट्रोल पीत असेल, तर ते सेकंदाला जवळपास तीन मिलिलिटर होते. म्हणजे टाकीकडून येणारा पुरवठा चढाच्या पायथ्याशीच थांबला असला तरी वाटीतल्या साठ्यावर इंजिन सुमारे वीस सेकंद चालते, आणि मग हळूहळू दम सोडत, कार्ब्युरेटरमधून शिंका देत, धूर न करता बंद पडते. दहा ते तीस सेकंदांचा हा उशीर पुरवठ्याच्या दोषाची सर्वांत पक्की खूण आहे.

या वेळी दोन तपासण्या जागेवरच करता येतात. एअर क्लीनर बाजूला करून हाताने ॲक्सिलरेटरची सळी ओढावी. घशात पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे, कोरडेच राहिले तर बहुधा वाटी रिकामी आहे. दुसरी तपासणी चढताना करायची: इंजिन दम सोडू लागताच चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ, अर्धा ओढावा. क्षणभर तरी ते सावरले, तर पेट्रोल कमी पडत होते. आणखी घुसमटले, तर जास्त होत होते.

कारणे टाकीपासून पुढे शोधत यावे. टाकीच्या आत पेट्रोल ओढणाऱ्या नळीचे तोंड एका जागी असते. चढावर पेट्रोल मागे सरकते आणि टाकी पाव भरली असताना नळीचे तोंड उघडे पडू शकते. डोंगरात जाताना टाकी निम्म्याखाली जाऊ न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यानंतर टाकीचे झाकण पाहावे. झाकणातील हवेचे भोक तांबड्या धुळीने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येत नाही. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला, तर निदान झाले. सपाटीवर कमी पेट्रोल लागते म्हणून हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

मग रबरी नळ्या. टाकी आणि पंप यांच्यामधली नळी दाबाखाली नसते, ती ओढीखाली असते. म्हणून तिला चीर पडली तर बाहेर पेट्रोल गळत नाही, उलट आत हवा शिरते. जमिनीवर एक थेंब न सांडता गाडी ‘एअर घेते’ ती अशी. बोटांनी दाबून, वाकवून पाहिल्यावर ज्या नळीच्या अंगावर बारीक तडे दिसतील ती बदलावी आणि दोन्ही टोकांचे क्लिप नवे घालावेत. फिल्टर तर बदलावाच. पारदर्शक फिल्टरमध्ये लालसर गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे, आणि नुसता फिल्टर बदलत राहणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे आहे.

पंपावर चढामुळे किती भार पडतो, हेही एकदा हिशेबाने पाहण्यासारखे आहे. टाकी मागे आणि पंप इंजिनावर, दोहोंत दोन मीटर अंतर आहे असे समजा. ३० अंशांच्या चढावर टाकी पंपापेक्षा आणखी एक मीटर खाली जाते. पेट्रोलचा एक मीटर उंचीचा स्तंभ सुमारे एक पौंडाच्या दाबाइतका असतो. थकलेला पंप सपाटीवर जेमतेम पुरवठा करत असेल, तर हा एक पौंड त्याच्या आवाक्याबाहेर जातो. पंपातला पडदा ढिला झाला असेल किंवा त्याच्या झडपा नीट मिटत नसतील, तर दुरुस्तीचा संच घालून तो नवा करावा. टाकीजवळ विजेवरचा छोटा पंप बसवण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीही आहे, कारण पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात पटाईत असतो. मात्र त्याबरोबर दाबाचा रेग्युलेटर आणि इंजिन बंद पडताच पंपाची वीज तोडणारा स्विच असायलाच हवा. गाडी उलटली आणि पंप पेट्रोल फेकत राहिला, तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

वीस मिनिटे

तिसरा प्रकार पक्क्या रस्त्यावरचा. चैत्र-वैशाखातील दुपार, समोर उसाने भरलेला ट्रॅक्टर किंवा एसटी, पसरणी किंवा कुंभार्ली घाट, दुसरा गिअर आणि वीस मिनिटे मुंगीच्या गतीने चढण. वारा लागत नाही, बॉनेटखाली भट्टी होते आणि गाडी आचके देऊ लागते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. नळीत वाफेचा फुगा तयार झाला की पंप तो फुगाच दाबत-सोडत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी असल्याने पेट्रोल थोडे आधीच उकळते, ही त्यात भर.

पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा जुन्या चालकांचा उपाय खरोखर काम करतो, कारण पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जाते. थंड पाणी मात्र तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर किंवा इंजिनवर ओतू नये. ओतीव लोखंडाला तडा जातो. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर वळवणे, मध्ये पत्रा लावणे आणि कार्ब्युरेटरखाली उष्णता रोखणारी जाड बेकेलाइटची पट्टी शाबूत असल्याची खात्री करणे; ही पट्टी दुरुस्तीत काढून टाकलेली मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिली आहे. चहाला थांबून निघताना गाडी सुरू होत नसेल, तर वाटीतलेच पेट्रोल उकळून घशात सांडलेले असते. तिथे वर सांगितलेली, पेडल दाबून सेल मारण्याचीच रीत चालते.

आता पेट्रोलच बदलले आहे, हेही ध्यानात घ्यावे. २०२२ साली पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले आणि २०२५ पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. त्यातले काही इथेनॉल आपल्याच सातारा-सांगली-कोल्हापूरच्या उसातून येते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी नेमलेल्या जेटमधून येणारे मिश्रण थोडे पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, पडते आणि जोराच्या चढावर ते जाणवते. त्याहून मोठा त्रास रबराचा. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधल्या छोट्या पंपाचा वॉशर हे सारे इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, म्हणून बदलताना इथेनॉल सोसणारेच भाग मागावेत. शिवाय इथेनॉल पाणी धरते. जी जीप आषाढापासून दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभी असते, तिच्या टाकीत तळाशी पाण्याचा थर साचू शकतो, आणि पहिल्याच चढावर तो मागे सरकून नळीच्या तोंडाशी आला की पेट्रोलऐवजी पाणी ओढले जाते.

उंचीचा परिणाम सांगितला जातो तेवढा नसतो. सातारा शहर सुमारे ७०० मीटरवर आणि महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. एवढ्या फरकाने हवा सहा-सात टक्के विरळ होते आणि मिश्रण तीनेक टक्क्यांनी दाट होते. जोर थोडा कमी होतो, पण निरोगी कार्ब्युरेटर त्यामुळे गाडी बंद पाडत नाही. 

एक गोष्ट कागदपत्रांची. कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन किंवा गॅसचा संच बसवला तर कलण्याचा प्रश्न मुळातूनच सुटतो, कारण तिथे पेट्रोलची उघडी वाटीच राहत नाही. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत. नोंदणीपुस्तकाशी संबंधित बदल आधी परिवहन कार्यालयात विचारूनच करावेत. आणि चाचणीसाठी कासच्या किंवा इतर कोणत्याही सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, गाडी घालू नये. जांभ्यावरची ती माती बोटभरच असते आणि चाकाची एक रांग तिथे कित्येक पावसाळे दिसत राहते. स्वतःच्या शेताचा बांध चाचणीला पुरेसा आहे.

एका वेळी एकच बदल करावा, त्याच चढावर, टाकीत तेवढेच पेट्रोल ठेवून पुन्हा जावे आणि सेकंद वहीत लिहावेत. आमच्या वहीत श्वासाची नळी वाढवल्यानंतर चाराचे अकरा झाले, पंपाचा दाब उतरवल्यावर जीप बंद न पडता पाणंद चढली, पण पाय उचलला की आचके देत राहिली. पातळी दीड मिलिमीटर उतरवल्यावर तेही थांबले. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागली: उंब्रजच्या पुढे महामार्गावर पूर्ण पेडल दाबले की जीप आता पूर्वीसारखी पळत नाही, कारण खालच्या पातळीवरून पेट्रोल उचलायला हवेला जास्त जोर लागतो. मी अर्धा मिलिमीटर पुन्हा वर घेतला आहे. पाणंदीवर जांभळाच्या झाडापाशी इंजिनाचा आवाज अजून किंचित जड होतो, भाचा मात्र आता तिथे मोजत नाही.